न हरवलेली मुलगी

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. चिडवायला नाही, कामावरून. जगभरातले लेख वाचायचे, त्यातला कोंडा टाकून द्यायचा आणि उरलेलं दर शुक्रवारी वाचकांना मेलवर पाठवायचं, हे तिचं काम. तंत्रज्ञान, व्यवसाय आणि मानसशास्त्र हे तीन विषय. प्रत्येक लेखाच्या दुव्याखाली दोनतीन ओळी तिच्या स्वतःच्या: हा का वाचावा, आणि घाईत असाल तर कुठला भाग गाळला तरी चालेल. त्या ओळींसाठीच लोक तिची वाट बघत. एका वाचकानं एकदा कळवलं होतं, ‘लेख मी वाचत नाही, तुमच्या ओळी वाचतो आणि चारचौघांत लेख वाचल्यासारखा बोलतो.’ हे पत्र तिनं समोर बसणाऱ्या चित्रकाराला वाचून दाखवलं तेव्हा तो खुर्चीतून पडेपर्यंत हसला होता. बातमीपत्रातली चित्रं तो काढायचा. त्यानंही आजवर एकही लेख पुरता वाचलेला नव्हता.

त्या गुरुवारी दुपारपर्यंत दोन लेख ठरले होते. एक होता रिकाम्या घरात स्वतःहून दूध मागवत राहिलेल्या फ्रिजवर, दुसरा भरभराटीला आलेलं दुकान मुद्दाम बंद करणाऱ्या एका बेकरीवालीवर. मानसशास्त्राची जागा रिकामी होती. एका वाचकानं सुचवलेला लेख तिनं उघडला. निवृत्त प्राध्यापिकेनं आपल्या जुन्या प्रयोगांबद्दल लिहिलेला लांबलचक लेख होता. विषय होता, न घडलेल्या गोष्टी माणसांना कशा आठवतात. चाळणीनं चहाचा कप जवळ ओढला आणि वाचायला सुरुवात केली.

लेख चांगला होता. बाईंची भाषा साधी होती, उगाच शहाणपणा मिरवणारी नव्हती. त्यांनी कॉलेजातल्या मुलामुलींना बोलावलं होतं. प्रत्येकाच्या घरच्यांकडून लहानपणच्या तीन खऱ्या गोष्टी आधीच मिळवल्या होत्या. त्यांत चौथी, बनवलेली गोष्ट मिसळली: तू पाचेक वर्षांची असताना एका मोठ्या दुकानात हरवलीस, खूप रडलीस, शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं तुला घरच्यांकडे पोचवलं. मग विचारायचं, तुला यातलं काय काय आठवतं? बहुतेकांनी सांगितलं की चौथी गोष्ट काही आठवत नाही. काहींना अंधुक आठवली.

‘फारच चांगला आहे,’ चाळणी म्हणाली.

‘चित्र काय काढू?’ चित्रकारानं विचारलं.

‘थांब, वाचू दे.’

पुढचा परिच्छेद असा होता:

‘एक मुलगी मात्र मी विसरू शकलेले नाही. तिनं डोळे मिटले आणि सांगायला लागली. सरकत्या जिन्याच्या दातांत माझी एक चप्पल अडकली. तिच्यावर पिवळं फूल होतं. मला चप्पल सोडवत नव्हती आणि जिना वर वर चालला होता. मी आईकडे बघितलं. आई खाली अत्तराच्या काचेपाशी उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती हसत होती. जिना, चप्पल, अत्तर, हसणं, यातलं काहीच आम्ही तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीत आम्ही प्रत्येकाला खरं काय ते सांगत असू. ही मुलगी दुसऱ्या बैठकीला आलीच नाही. आम्ही दोनदा निरोप पाठवले. ती आज कुठे असेल, तिला ते अजून आठवत असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.’

चाळणीनं परिच्छेद पुन्हा वाचला. मग पुन्हा एकदा. अक्षरं तीच होती.

पिवळ्या फुलाची चप्पल तिनं जगात कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, आईला तर नाहीच. असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आणि आता ती चप्पल पडद्यावर होती, कुण्या परक्या बाईच्या लेखात, तिच्याच शब्दांत.

‘काय झालं?’ चित्रकार उठून उभा राहिला होता. ‘ए, पांढरी पडलीयस तू. साखर कमी झाली का? काही खाल्लंयस का सकाळपासून?’

‘मी हरवले होते,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘लहानपणी. मी हरवले होते दुकानात. मला आठवतं.’ तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. ‘ह्या म्हणतात की ते त्यांनी मला सांगितलं.’

चित्रकारानं उभ्याउभ्याच तो परिच्छेद वाचला. पहिल्यांदाच त्यानं एखाद्या लेखातलं काही वाचलं असेल. मग त्यानं तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

ती स्वच्छतागृहात गेली आणि तोंडावर पाणी मारलं. तेव्हा तिला ती खोली आठवली. कॉलेजच्या मानसशास्त्र विभागातली अरुंद खोली, खिडकीत निवडुंगाची कुंडी. भाग घेणाऱ्यांना कँटीनमध्ये फुकट जेवण होतं, म्हणून ती मैत्रिणींबरोबर गेली होती. ‘बालपणीच्या आठवणींचा अभ्यास’ एवढंच सांगितलं होतं. समोर मऊ आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं आणि ती बोलत गेली. बाहेर आल्यावर तिला वाटलं होतं, आपण हे इतकी वर्षं विसरलो कसं?

मग तिला कावीळ झाली. कॉलेज सोडून ती घरी आली आणि कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून राहिली. आई रात्रंदिवस उशाशी. आई कपाळावर ओली घडी ठेवायची, चमच्यानं पाणी पाजायची. आणि ती तापल्या डोळ्यांनी आईकडे बघत मनात म्हणायची, तू माझा हात सोडला होतास. तू हसत होतीस.

हे ती कधी बोलून दाखवण्याइतकी लहान नव्हती आणि सोडून देण्याइतकी मोठीही नव्हती. ते आत जाऊन बसलं. आईशी भांडण असं कधी झालं नाही. वाढदिवसाला फोन, आजारपणात जाणं-येणं, सगळं रीतसर. फक्त एक गोष्ट तिनं कधी केली नाही. मुलगी झाली तेव्हा आई म्हणाली होती, ‘तू जा की कामाला, मी सांभाळते. मला दुसरं काम काय आहे?’ वडील तेव्हा नुकतेच गेले होते आणि आई एकटी होती, बसनं अर्ध्या तासावर. आईनं कुणाकडून तरी पाळणा आणून खोलीत मांडलासुद्धा. चाळणीनं मुलीला पाळणाघरात ठेवलं. ‘तुला दगदग नको आई.’ मग मुलगी मोठी झाली तशा सबबी बदलत गेल्या. शाळा लांब पडते, सर्दी झालीय, तिला परक्या घरी झोप येत नाही. परक्या घरी, हा शब्द तिच्या तोंडून गेला तेव्हा आई विषय बदलून पावसाळी बुटांबद्दल काहीतरी बोलली होती. पाळण्यावर पुढे टॉवेल वाळत पडायला लागले.

त्या मुलीला घरात टिल्ली म्हणायचे. टिल्ली आता पंधरा वर्षांची होती, आईपेक्षा चार बोटं उंच, आणि आजीच्या घरी एकदाही एकटी राहिलेली नव्हती.

चाळणीनं तिथूनच आईला फोन लावला.

‘आई, एक विचारू? मी लहानपणी कधी हरवले होते का?’

‘कोण, तू?’ आई हसली. ‘तू कसली हरवतेस! गोचिडीसारखी चिकटलेली असायचीस मला. न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर बसायचीस. का गं? आज मध्येच हे काय?’

‘एखाद्या मोठ्या दुकानात? सरकता जिना असलेल्या?’

आई म्हणाली, ‘अगं, ते त्या कॉलेजवाल्या बाईंचं तर नव्हे?’

चाळणीनं बेसिनचा काठ धरला.

‘मी येते,’ ती म्हणाली.

आईच्या घरी पोचेपर्यंत तिनं काय विचार केला हे तिला नंतर आठवलं नाही. बसमध्ये एक माणूस मोठमोठ्यानं फोनवर कुठल्याशा पाइपांची मापं सांगत होता, एवढंच राहिलं. आईनं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता खुर्ची ओढली.

‘त्या बाईंचं काय ते सांग,’ चाळणी म्हणाली.

‘अगं, त्यांचा फोन आला होता. तू कॉलेजात होतीस तेव्हा. गोड बोलत होत्या. म्हणाल्या, अभ्यास आहे, मुलांच्या लहानपणच्या तीन गोष्टी सांगा, चौथी आम्ही आमच्या मनानं घालणार. दुकानात हरवल्याची. मला विचारलं, असं खरंच कधी झालं होतं का? मी म्हटलं, छे, कध्धी नाही. तर म्हणाल्या, मग चालेल. मुलीला आत्ता सांगू नका, नंतर आम्हीच सगळं समजावून सांगतो.’ आई थांबली. ‘मग तुला कावीळ झाली. नंतर माझ्या डोक्यातूनच गेलं. मला वाटलं, सांगितलंच असेल. त्यांनी सांगितलं नाही तुला?’

‘नाही.’

‘म्हणजे तुला इतकी वर्षं...’

‘मला आठवतंय आई. आत्ताही दिसतंय. चप्पल अडकली होती माझी. तू खाली उभी होतीस, माझ्याकडे पाठ करून. हसत होतीस.’

आईचा चेहरा बघवत नव्हता. पण आता थांबता येण्यासारखं नव्हतं आणि चाळणी बोलत गेली.

‘म्हणून मी टिल्लीला तुझ्याकडे ठेवलं नाही. कधीच नाही. मला वाटायचं, तू लक्ष देणार नाहीस. तू हात सोडशील तिचा.’

बराच वेळ आईनं मांडीवरचा आपला उजवा हात पालथा केला, उताणा केला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

‘म्हणून?’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, तुझ्या नवऱ्याला आवडत नसेल. किंवा घर लहान आहे म्हणून. मी किती विचार केला. मला वाटलं, मी म्हातारी झाले, मला वास येत असेल.’

‘आई!’

‘नाही, खरंच वाटायचं.’

चाळणीला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. तिनं उठून आईसाठी पाणी आणलं. आईनं पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. ती कुठेतरी लांब बघत होती.

‘अत्तराचा विभाग खालीच होता ना?’ आई हळूच म्हणाली.

‘कुठे?’

‘त्या चार मजली दुकानात. आपण जायचो अधूनमधून. माझी एक मैत्रीण होती तिथं, अत्तराच्या काचेमागं उभी राहायची. तिच्याशी बोलत राहिले असेन मी. बोलकी होती फार. हसवायची. एकदा कुठल्या तरी गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होती आणि मी... तू तेव्हा जिन्याकडे गेली असशील.’

‘आई, असं काही झालं नाही. तूच आत्ता म्हणालीस.’

‘हो, पण तुला इतकं स्पष्ट आठवतंय. उगाच कसं आठवेल? मी पाठ करून उभी होते. माझा हात मोकळा होता, मला आठवतंय, मी अत्तराची बाटली धरली होती...’

सगळं आयुष्य चाळणीनं दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात घालवलं होतं. तिच्या कानांनी ते अचूक पकडलं: ‘असेन’चं ‘होते’ झालं होतं. चार-सहा वाक्यांच्या आत. ऑफिसात वाचलेला लेख तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या आईच्या तोंडून, घडत होता. आणि इथं कुणी बाई प्रश्न विचारत नव्हत्या. तिनं स्वतःच विचारले होते.

‘थांब!’ ती ओरडली. आई दचकली आणि पाणी सांडलं. ‘आई, थांब. पुढं बोलू नकोस. विचारही करू नकोस. तू हात सोडला नाहीस.’

‘तुला काय माहीत?’ आईच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘सोडला असेल तर? मी माफी तरी मागते ना. एवढी शिक्षा झाली, ती कशाची तरी असेलच की.’

ह्या वाक्यावर चाळणी सुन्न झाली. तिला वाटलं होतं, आज तिच्याच पायाखालची जमीन सरकली आहे. पण ती आईच्या पायाखालचीही सरकली होती, आणि आई उभं राहायला जागा म्हणून गुन्हा कबूल करायला निघाली होती.

लेखाच्या तळाशी प्राध्यापिकेचा ईमेल होता. चाळणीनं फोनवरच तिथल्या तिथं लिहिलं: ‘पिवळ्या फुलाची चप्पल माझी. मी ती मुलगी. आई माझ्याजवळ बसली आहे. ताबडतोब बोलायला हवं.’ खाली नंबर टाकला. मग ती फरशीवरचं पाणी पुसत बसली.

फोन वाजला तेव्हा तिचं पुसून व्हायचं होतं.

‘तुम्ही...’ आवाज म्हातारा झाला होता, पण मऊपणा तोच होता. ‘तुम्ही खरंच...? मला काय बोलावं सुचत नाही. मी दोनदा निरोप पाठवला होता हो. वसतिगृहावर.’

‘मी घरी होते. आजारी.’

‘मी घरी फोन करायला हवा होता. आईंचा नंबर होता माझ्याकडे. मला वाटलं, येईल. मग सुट्ट्या लागल्या, आणि...’ मग बाईंनी विचारलं, ‘तुमचं काही नुकसान झालं का?’

चाळणीनं आईकडे बघितलं. ‘ते आपण नंतर बोलू. बाई, दुसऱ्या बैठकीत तुम्ही काय सांगायचात?’

‘सगळं. गोष्ट आम्ही रचली होती हे. तसं वाटण्यात तुमची काही चूक नाही हे.’

‘मग ती बैठक आत्ता घ्या. स्पीकर लावलाय. आई ऐकतेय.’

प्राध्यापिकांनी घसा साफ केला आणि शिकवायला उभं राहिल्यासारख्या, सावकाश, एक एक शब्द सुटा करून बोलल्या. ‘तुम्ही पाच वर्षांच्या असताना कुठल्याही दुकानात हरवला नव्हता. ती गोष्ट मी तयार केली. माझ्या टेबलावर बसून. ज्यांच्या घरच्यांनी ठामपणे सांगितलं की असं कधीच झालं नाही, त्यांनाच मी प्रयोगात घेत होते. जराही शंका असती तर तुम्हाला घेतलंच नसतं. आई, तुम्ही तेव्हा मला ठामपणे नाही म्हणाला होतात. तुमची आठवण तेव्हा ताजी होती, आजच्यापेक्षा कितीतरी. तिच्यावर विश्वास ठेवा.’

‘म्हणजे मी हात सोडला नाही?’ आईनं फोनच्या दिशेनं वाकून विचारलं. शाळेतल्या मुलीसारखं.

‘नाही. नाही सोडलात.’

आईनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम तिचा सूर बदलला. ‘पण बाई, तुम्ही शिकलेली माणसं असं कसं करता हो? दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यात काहीबाही घालता आणि सुट्टीवर जाता?’

पलीकडून, खूप बारीक आवाजात, ‘चुकलं माझं.’

‘चुकलंच,’ आई म्हणाली.

मग प्राध्यापिकाच म्हणाल्या, ‘एक विचारू का? अशा आठवणीतले तुकडे पुष्कळदा खरे असतात, पण दुसरीकडचे. पिवळ्या फुलाची चप्पल कधी होती का तिच्याकडे?’

‘होती की!’ आई म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. ‘अगं, तळ्यावर नाही का गेलो होतो आपण? तुझे बाबा काठावर पेपर वाचत बसलेले. तुझी चप्पल पाण्यात पडली आणि चालली तरंगत. तू असा टाहो फोडलास की विचारू नकोस. मी तशीच कपड्यांसकट आत शिरले. गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. चप्पल काही हाताला लागेना, पुढं पुढं पळायची. मला इतकं हसू यायला लागलं, उभंच राहवेना. तू काठावर रडतेयस आणि मी तुझ्याकडे पाठ करून पाण्यात हसतेय. बाबा म्हणाले, दोघींनाही वेड लागलंय.’

चाळणी ऐकत होती. तिनं डोळे मिटले आणि तळं शोधलं. काठ, पाणी, कमरेपर्यंत भिजलेली आई. काहीच दिसलं नाही. एक थेंबसुद्धा नाही. जे घडलं होतं त्याचा मागमूस नव्हता आणि जे घडलं नव्हतं ते झळझळीत होतं, जिन्याच्या एकेका दातासकट.

‘मला आठवत नाही, आई,’ ती म्हणाली.

‘नसू दे. मला आठवतंय ना.’

‘सरकता जिना अजून दिसतोय मला. बाई, हे जातं का कधी?’

‘खोटं सांगत नाही,’ प्राध्यापिका म्हणाल्या. ‘काहींचं जातं. काहींचं कळल्यावरही राहतं.’

घरी येऊन तिनं नवऱ्याला आणि टिल्लीला जेवणाच्या टेबलावर सगळं सांगितलं. नवरा चमचा हातात तसाच धरून बसला. ‘मला तू सांगितलं असतंस तर,’ तो म्हणाला आणि थांबला. सांगितलं असतं तर काय झालं असतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. टिल्लीला मात्र बोलायचं होतं.

‘म्हणजे आजी कडक आहे, तिला मुलं आवडत नाहीत, हे सगळं खोटं होतं?’

‘आवडत नाहीत असं मी कधी म्हटलं?’

‘म्हटलंस! मी पहिलीत असताना. मी विचारलं होतं, मी आजीकडे का नाही राहत, तर तू म्हणालीस, आजीला मुलांची सवय नाही.’ टिल्लीचा आवाज चढला. ‘मी घाबरायचे तिला, आई. ती मला जवळ घ्यायला आली की मी आखडून बसायचे. कारण तू सांगितलं होतंस!’

चाळणीला हे वाक्य बोलल्याचं आठवत नव्हतं. पण त्या दिवशी ‘आठवत नाही’ म्हणण्याची तिची हिंमत झाली नाही. लेकीच्या डोक्यातही तिनंच काहीतरी घातलं होतं, फोन न करता, प्रयोग न करता, भाजी चिरता चिरता. ‘खोटं होतं ते,’ ती म्हणाली. ‘मी सांगितलेलं खोटं होतं.’

टिल्ली उठून आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. ‘आजी, मी शनिवारी येऊ? नाही, एकटीच. राहायला.’

बातमीपत्र शुक्रवारी वेळेवर गेलं. मानसशास्त्राच्या जागी तोच लेख होता. खालच्या ओळी लिहायला चाळणीला सकाळभर लागली. पुष्कळ खोडून शेवटी तिनं एवढंच ठेवलं: ‘यातला कुठलाही भाग गाळू नका. वाचून झाल्यावर, ज्या माणसावर तुमचा जुना राग आहे, त्याला एकदा विचारा की ते खरंच झालं होतं का.’ चित्रकारानं चित्र काढलं नाही. तो म्हणाला, ‘ह्याला चित्र नको,’ आणि जागा कोरी सोडली. प्राध्यापिकेला तिनं सविस्तर पत्र लिहिलं. नुकसान काय झालं तेही लिहिलं. ते लिहिताना तिला बाईंचा राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग आला, आणि ते सगळं तिनं पत्रात तसंच राहू दिलं.

शनिवारी टिल्ली पाठीला पिशवी लावून गेली. दर तासाला फोन करायचा नाही असं चाळणीनं स्वतःला बजावलं होतं, ते तिनं कसंबसं पाळलं. आईनं संध्याकाळी कळवलं की मुलीला काय खायला घालावं कळत नाही, ती सगळ्याला ‘चालेल’ म्हणते, आणि पलंगाबाहेर तिचे पाय येतात. टिल्लीनं कळवलं की आजी दर पाच मिनिटांनी विचारते, कंटाळा आला का.

रविवारी दुपारी चाळणी लेकीला आणायला गेली. दार बंद होतं. तिनं बेल वाजवली, मग पुन्हा वाजवली. फोन केला तर टिल्लीचा फोन आतच वाजत होता, बंद दारामागे. आईचा लागत नव्हता.

चाळणी पायरीवर बसली. बाजारातली गर्दी, गाड्या, आईची पाठ, सगळं एकदम समोर आलं. ‘हे खरं नाही,’ ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या दारातून एक बाई डोकावून गेली. ‘हे खरं नाही, असं काही झालं नव्हतं.’ डोक्याला ते कळत होतं. पण तळहात ओले झाले होते आणि छाती ऐकत नव्हती. तिला उठून धावत सुटावंसं वाटत होतं. तिनं दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरली आणि बसून राहिली. आईवर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, तर आत्ता इथं असं बसायचं, एवढंच तिला सुचत होतं.

मग कोपऱ्यावरून आवाज आले. दोघी वाद घालत येत होत्या. आजीचं म्हणणं, दुकानदारानं खराब टोमॅटो दिले. टिल्लीचं म्हणणं, आजीनंच ते दाबून दाबून खराब केले. पिशवी टिल्लीच्या खांद्यावर होती आणि आजी तिच्या मागून, धापा टाकत, आपली बाजू मांडत होती.

‘अगंबाई, तू आलीसुद्धा?’ आई म्हणाली. ‘फार वेळ झाला का बसून?’

‘नाही,’ चाळणी म्हणाली. तिला उठायला जरा वेळ लागला. ‘आत्ताच आले.’